स्टो : वाचण्यासाठी रचलेले उद्यान

१७४४ साली इंग्लंडमधील बकिंगहॅम या लहानशा गावी बेंटन सीली नावाच्या गृहस्थाने एक छोटेखानी पुस्तिका प्रसिद्ध केली. हस्ताक्षर शिकवणे हा त्याचा व्यवसाय होता. पुस्तिकेचा विषय होता गावाजवळचे स्टो येथील उद्यान. ते लॉर्ड कोबम या उमरावाच्या मालकीचे होते. कोणत्या वाटेने चालावे, कोणती वास्तू आधी लागते, तिच्यावरील लॅटिन लेख काय आहे, कोनाड्यातील अर्धपुतळा कोणाचा, असे सर्व तपशील त्या पुस्तिकेत क्रमाने दिलेले होते. इंग्लंडमधील एखाद्या उद्यानासाठी लिहिलेली ही पहिली मार्गदर्शिका मानली जाते. तिच्या आवृत्त्या पुढे जवळजवळ शतकभर निघत राहिल्या आणि हस्ताक्षराचा शिक्षक पुस्तकविक्रेता झाला.

उद्यान पाहण्यासाठी पुस्तक लागावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. फुलांचा रंग, पाण्याचा गारवा किंवा झाडांची सावली अनुभवण्यास कोणा भाष्यकाराची गरज नसते. परंतु स्टो येथील उद्यान फुलांसाठी प्रसिद्ध नव्हतेच. तेथे होती मंदिरे, कमानी, स्तंभ, पुतळे आणि शिलालेख. त्यांची मांडणी एखाद्या ग्रंथातील प्रकरणांसारखी होती, आणि त्या ग्रंथाचा विषय होता स्वातंत्र्य. आजही या उद्यानात जाणाऱ्या प्रवाशापुढे दोन वाचने असतात. एक रचणाऱ्यांनी योजलेले, आणि दुसरे पुढील दोनशे वर्षांच्या इतिहासाने त्याच दगडांवर लिहून ठेवलेले. या दुसऱ्या वाचनाचा धागा अखेरीस भारताच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

बकिंगहॅमहून उद्यानाकडे जाणारा मार्ग सुमारे दीड मैल सरळ रेषेत चढत जातो. दुतर्फा झाडांच्या रांगा आहेत, आणि समोर क्षितिजावर एक प्रचंड कमान उभी आहे. १७६० नंतरच्या दशकात बांधलेली ही कॉरिन्थियन कमान. तिच्यातून पलीकडे पाहिले की दरीच्या तळाशी तळे, तळ्यापलीकडे हिरवळीचा चढ, आणि चढाच्या माथ्यावर प्रासादाचा लांबलचक दर्शनी भाग दिसतो. परंतु सामान्य प्रवाशाला या कमानीतून थेट आत जाता येत नसे. त्याच्यासाठी वेगळी सोय होती. लॉर्ड कोबमने १७१७ मध्येच जवळ ‘न्यू इन’ नावाची सराई बांधली होती. उद्यान पाहण्यास येणाऱ्यांनी तेथे मुक्काम करावा, घोड्यांना चारापाणी द्यावे, आणि मग पायी चालत बेल गेटपाशी जाऊन प्रवेश मागावा, असा शिरस्ता होता. उद्यान पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या प्रेक्षकांची सोय झाली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्टो हे खाजगी विरंगुळ्याचे स्थान म्हणून कल्पिलेलेच नव्हते. लोकांनी ते पाहावे आणि त्यातून काही शिकून परत जावे, ही त्याच्या निर्मितीमागची प्रेरणा होती.

टेंपल घराणे मूळचे मेंढपाळीवर आणि लोकरीच्या व्यापारावर संपन्न झालेले. सोळाव्या शतकात त्यांनी स्टोची जमीन आधी भाडेपट्ट्याने घेतली आणि नंतर विकत घेतली. ‘टेंपल’ म्हणजे मंदिर. या आडनावावर श्लेष साधून घराण्याने आपल्या बोधवाक्यात मंदिरांच्या रमणीयतेचा उल्लेख केला होता, आणि पुढील वंशजांनी तो श्लेष दगडात अक्षरशः खरा करून दाखवला. आज या उद्यानात लहानमोठ्या चाळीसांहून अधिक वास्तू व स्मारके आहेत.

हा सारा उद्योग सुरू केला सर रिचर्ड टेंपल, म्हणजे पुढे व्हायकाउंट कोबम झालेल्या पुरुषाने. १६७५ साली जन्मलेला कोबम हा ड्यूक ऑफ मार्लबरोच्या हाताखाली लढलेला सेनानी होता. राजकारणात तो कट्टर व्हिग पक्षाचा होता. राजाच्या अनियंत्रित सत्तेला पार्लमेंटने लगाम घालावा, हे या पक्षाचे मुख्य सूत्र. १७१३ मध्ये टोरी मंत्रिमंडळाने त्याला सैन्यातील पदावरून दूर केले. पुढच्याच वर्षी पहिला जॉर्ज गादीवर आला, व्हिगांचे दिवस पालटले आणि कोबमला पदव्या मिळाल्या. १७१५ मध्ये मद्यनिर्मितीच्या व्यवसायातील एका धनाढ्य घराण्याच्या वारसकन्येशी त्याचा विवाह झाला, आणि त्याच्या महत्त्वाकांक्षेला पैशाचे बळ लाभले.

त्या काळापर्यंत युरोपातील थोर उद्याने म्हणजे भूमितीची प्रात्यक्षिके होती. सरळ रस्ते, आखीव वाफे, कातरीने शंकूच्या किंवा घनाच्या आकारात कापलेली झाडे, आणि या सर्वांच्या केंद्रस्थानी राजवाडा. व्हर्सायचे उद्यान हे या शैलीचे शिखर होते. इंग्लिश व्हिगांच्या दृष्टीने ते निरंकुश राजसत्तेचेही प्रतीक होते, कारण तेथे झाडालासुद्धा आपल्या स्वभावाप्रमाणे वाढण्याची मुभा नव्हती. झाडांना मोकळे सोडणे, ओढ्याला वळणे घेऊ देणे, जमिनीचा उंचसखलपणा तसाच राखणे, या कृतींना त्यामुळे राजकीय अर्थ येऊ लागला. हे स्थित्यंतर स्टोमध्ये टप्प्याटप्प्याने पाहता येते. चार्ल्स ब्रिजमनने येथे उद्यानाचा पहिला विस्तृत आराखडा केला. जॉन व्हॅनब्रू आणि त्याच्यानंतर जेम्स गिब्स यांनी वास्तू उभारल्या. विल्यम केंटने दरी, पाणी आणि झाडी यांतून चित्रकाराच्या नजरेने दृश्ये घडवली. १७४१ मध्ये लॅन्सलॉट ब्राऊन हा तरुण माळी येथे कामास लागला. हाच पुढे ‘केपॅबिलिटी’ ब्राऊन म्हणून इंग्लंडभर गाजला. त्याच्या देखरेखीखाली ‘ग्रीक दरी’ नावाचा भाग तयार झाला. ही दरी पाहताना ती निसर्गतःच तशी असावी असे वाटते. वस्तुतः मजुरांनी कुदळ-फावड्यांनी वीस हजारांहून अधिक घनयार्ड माती उकरून ती हातगाड्यांनी वाहून नेली, तेव्हा हा ‘निसर्ग’ आकाराला आला.

ब्रिजमनने स्टोमध्ये एका युक्तीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. उद्यानाच्या सीमेवर कुंपण किंवा भिंत न घालता त्याने खोल चर खणला. चराची उद्यानाकडील बाजू उभ्या भिंतीने बांधलेली, तर बाहेरील बाजू उतरती. बाहेर चरणाऱ्या गुरांना आत येता येत नाही, आणि आतून पाहणाऱ्याला सीमा दिसतच नाही. त्याची नजर हिरवळीवरून थेट कुरणांपर्यंत व क्षितिजापर्यंत जाते. चालता चालता अचानक पुढे खड्डा दिसून माणसाच्या तोंडून जो उद्गार निघतो, त्यावरून या चराला ‘हा-हा’ असे नाव पडले, असे सांगतात. होरेस वॉलपोलने आधुनिक उद्यानकलेच्या आपल्या इतिहासात या शोधाला फार मोठे स्थान दिले आहे, कारण यामुळे उद्यान आणि भोवतालचा मुलूख यांतील भेद नजरेपुरता नाहीसा झाला. नजरेपुरता, एवढेच. सीमा होती तेथेच राहिली. फक्त आतील माणसाला तिचे भान राहिले नाही. स्टोचा पुढचा सगळा इतिहास या एका चरात सूत्ररूपाने आला आहे, असे म्हणता येईल.

१७३३ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने मद्य आणि तंबाखू यांवर अबकारी कर बसवण्याचे विधेयक मांडले. कर तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना दुकानांत व कोठारांत शिरण्याचा अधिकार मिळणार, या विचाराने देशभर संताप उसळला. कोबम स्वतः व्हिग असूनही वॉलपोलच्या विरोधात गेला आणि पुन्हा एकदा सैन्यातील पद गमावून बसला. त्यानंतर स्टो हे असंतुष्ट व्हिगांचे माहेरघर बनले. कोबमचे भाचे ग्रेनव्हिल बंधू, जॉर्ज लिटल्टन, विल्यम पिट अशा तरुणांचा मेळावा येथे जमू लागला. उद्यानातील वास्तूंना या काळात जी धार आली, ती या संघर्षातून.

ही धार सर्वांत स्पष्ट जाणवते ती केंटने रचलेल्या ‘एलिझियन फील्ड्स’मध्ये. पुण्यात्म्यांच्या निवासभूमीची ग्रीकांची जी कल्पना, तिचे नाव या चिंचोळ्या दरीला दिले आहे, आणि तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याला मृत्युलोकीच्या स्टिक्स नदीचे. एका तीरावरील उंचवट्यावर ‘प्राचीन सद्गुणाचे मंदिर’ उभे आहे. घुमटाखालच्या या वर्तुळाकार वास्तूत होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपामिनोंडास असे चार ग्रीक पुतळे स्थापन केले होते : कवी, तत्त्वज्ञ, विधिकर्ता आणि सेनापती. त्याच्या शेजारी पूर्वी ‘आधुनिक सद्गुणाचे मंदिर’ होते. ते मुद्दाम पडके, भग्न असेच बांधले होते, आणि त्यात शिर नसलेला एक पुतळा ठेवला होता. तो वॉलपोलचा, हे कोणी उघड सांगत नसे आणि सर्वांना कळत असे. आज या भग्नावशेषाचेही केवळ अवशेष उरले आहेत.

प्राचीन सद्गुणाच्या पायरीवरून पाण्यापलीकडे पाहिले की समोर ‘ब्रिटिश थोरांचे मंदिर’ दिसते. अर्धवर्तुळाकार दगडी भिंत, तिच्यात सोळा कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात एक अर्धपुतळा. एका बाजूस विचारवंत आणि कलावंत : पोप, ग्रेशम, इनिगो जोन्स, मिल्टन, शेक्सपिअर, लॉक, न्यूटन, बेकन. दुसऱ्या बाजूस कर्ते पुरुष : राजा आल्फ्रेड, ब्लॅक प्रिन्स, तिसरा विल्यम, रॉली, ड्रेक, हॅम्पडेन, बर्नार्ड. यांच्यातच राणी एलिझाबेथ, सोळांमधील एकमेव स्त्री. ही निवड निरपेक्ष नाही. जॉन हॅम्पडेन हा बकिंगहॅमशरचाच रहिवासी. पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने लादलेला ‘जहाजकर’ भरण्यास त्याने सतराव्या शतकात नकार दिला होता. सर जॉन बर्नार्ड हा लंडनचा व्यापारी आणि पार्लमेंटचा सभासद. १७३३ च्या अबकारी विधेयकाला त्याने कडाडून विरोध केला होता, आणि अर्धपुतळा बसवला तेव्हा तो हयात होता. संमतीवाचून कर लादणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, हा या भिंतीचा मुख्य पाठ आहे.

या मंदिरात विनोदही आहे. भिंतीच्या मागील बाजूस एका सिन्योर फिदोची प्रशस्ती कोरलेली आहे. तो इटालियन होता, त्याने कधी खुशामत केली नाही, तो एकनिष्ठ पती व प्रेमळ पिता होता, असे गुणवर्णन वाचत वाचत प्रवासी शेवटी येतो तेव्हा उलगडते की ही सारी स्तुती एका कुत्र्याची आहे. दुसरा विनोद अधिक बोचरा आहे. मंदिराच्या मध्यभागी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ महाकाव्यातील पुण्यात्म्यांच्या वर्णनाच्या ओळी कोरल्या आहेत. त्यांतील शुद्धाचरणी पुरोहितांचा गौरव करणारी ओळ गाळलेली आहे. ज्याला मूळ काव्य मुखोद्गत आहे त्यालाच ही गाळलेली ओळ दिसावी, अशी ही योजना. आणि त्या ओळीचे उत्तर जणू जवळच उभे आहे. एलिझियन फील्ड्सच्या लगत, दाट झाडीआड, एक मध्ययुगीन चर्च आहे.

हे चर्च तेथे का, हा प्रश्न सीलीच्या वाचकांपैकी किती जणांना पडला असेल? चर्च असते ते गावासाठी. स्टो नावाचे गाव होते, आणि ते याच जागी होते. उद्यान जसजसे विस्तारत गेले तसतशी गावातील घरे नाहीशी होत गेली आणि रहिवाशांना डॅडफर्डसारख्या शेजारच्या वस्त्यांत जावे लागले. बॉयकॉट नावाची वाडीही अशीच लोपली. तिचे नाव आज उद्यानाच्या पश्चिमेकडील दोन मंडपांना उरले आहे. धर्मसंस्थेची वास्तू पाडता येत नव्हती, म्हणून चर्च राहिले आणि ते झाडांनी झाकले गेले. उद्यानातील बहुतेक मंदिरांत कधी पूजा झाली नाही. जेथे खरोखर पूजा होत होती ती वास्तू मात्र दृष्टीआड करावी लागली. १७४४ साली लॅन्सलॉट ब्राऊनचा विवाह याच चर्चमध्ये झाला. स्वातंत्र्याच्या या ग्रंथात गावकऱ्यांसाठी कोनाडा नव्हता. ते दृश्यात होते ते हातगाडी ढकलणारे मजूर म्हणून, किंवा ‘हा-हा’च्या पलीकडे गुरे राखणारे म्हणून.

पूर्वेकडील चढावर गिब्सने बांधलेले गॉथिक मंदिर आहे. तांबूस-तपकिरी लोहयुक्त दगडातील ही त्रिकोणी वास्तू भोवतालच्या फिकट ग्रीक-रोमन वास्तूंच्या मेळाव्यात एकदम वेगळी उठून दिसते. ती ‘आपल्या पूर्वजांच्या स्वातंत्र्याला’ अर्पण केलेली आहे. आपली मुक्त परंपरा रोमन साम्राज्याकडून आलेली नसून सॅक्सन पूर्वजांकडून आली, हे व्हिगांचे मत. आपण रोमन नाही याबद्दल देवांचे आभार मानणारे एक वचन फ्रेंच नाटककार कॉर्नेयच्या नाटकातून घेऊन या मंदिरासाठी योजले होते. साम्राज्य नव्हे, स्वातंत्र्य, असा हा निवाडा. त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यास थोडेच अंतर चालावे लागते.

तत्पूर्वी या उद्यानाच्या काही वाचकांची ओळख करून घ्यावी. कवी अलेक्झांडर पोपने १७३१ मधील आपल्या पद्यपत्रात स्टोचा आदर्श म्हणून उल्लेख केला. होरेस वॉलपोल हा तर शिर नसलेल्या त्या पुतळ्याच्या मूळ पुरुषाचा मुलगा. तरीही तो स्टोला वारंवार आला. १७७० मध्ये राजकन्या अमेलियाच्या समवेत येथील गुहेत रात्रीचे भोजन झाले, तेव्हा जुलै महिना असूनही सारी मंडळी थंडीने कुडकुडली, याची त्याने पत्रात खेळकर नोंद केली आहे. रूसोने आपल्या १७६१ मधील कादंबरीत या उद्यानावर आक्षेप घेतला. सर्व काही सुंदर आहे, पण सर्व देश आणि सर्व काळ एकाच ठिकाणी आणून ठेवण्यातच कृत्रिमता आहे, असा त्याचा आशय.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण भेट १७८६ च्या एप्रिलमधील म्हटली पाहिजे. त्या महिन्यात दोन अमेरिकन मुत्सद्दी इंग्लंडमधील उद्याने पाहत हिंडत होते, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन. दोघेही पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. जेफरसनच्या हाती टॉमस व्हेटलीचा उद्यानविषयक ग्रंथ होता, आणि त्यातील वर्णने तो प्रत्यक्षाशी ताडून पाहत होता. त्याची टिपणे कोरडी व नेमकी आहेत. कॉरिन्थियन कमान त्याला निरुपयोगी वाटली. तिच्यामुळे दूरचे सुंदर दृश्य अडते, असे त्याने नोंदवले. उद्यान राखण्यास १५ माणसे आणि १८ मुले कामास आहेत, हेही त्याने लिहून ठेवले. अ‍ॅडम्सला मदिरा आणि प्रणय यांच्या देवतांची मंदिरे अनावश्यक वाटली. त्या गोष्टींना माणसाला आणखी प्रोत्साहन देण्याची गरज नाही, असे या प्युरिटन वळणाच्या माणसाचे मत पडले.

स्टोचा तेव्हाचा मालक कोण, हे नोंदवताना जेफरसनने तो जॉर्ज ग्रेनव्हिलचा मुलगा असल्याचे लिहिले आहे. या साध्या नोंदीत एका साम्राज्याच्या फाळणीची कथा आहे. जॉर्ज ग्रेनव्हिल हा कोबमचा भाचा, स्टोच्या त्या तरुण मंडळातील एक, आणि सुमारे तीस वर्षे बकिंगहॅमचा पार्लमेंट-सभासद. १७६३ मध्ये तो पंतप्रधान झाला, आणि १७६५ मध्ये त्याने अमेरिकन वसाहतींवर मुद्रांक कर लादणारा कायदा संमत करून घेतला. वसाहतींना पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व नव्हते. आमच्या संमतीवाचून आमच्यावर कर कसा, हा त्यांचा प्रश्न म्हणजे हॅम्पडेनच्या कोनाड्यातील प्रश्न होता. १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला, पण त्यातून पेटलेला वणवा विझला नाही. विल्यम पिट वसाहतींच्या बाजूने बोलला, तर कोबमचा वारस अर्ल टेंपल कायदा रद्द करण्याच्या विरोधात राहिला, आणि मेहुण्या-मेहुण्यांत दुरावा आला. ज्या भिंतीपुढे हे सारे वाढले तीच भिंत जेफरसनने वीस वर्षांनंतर पाहिली. त्या भिंतीवरील पाठ मालकाच्या पुतण्या-भाच्यांपेक्षा अटलांटिकपलीकडच्या लोकांनी अधिक मनावर घेतला होता.

ग्रीक दरीच्या टोकाशी या उद्यानातील सर्वांत भव्य मंदिर आहे. चहूबाजूंनी उंच स्तंभांची ओळ असलेले हे मंदिर कोबमच्या अखेरच्या वर्षांत सुरू झाले, तेव्हा त्याला केवळ ‘ग्रीक मंदिर’ म्हणत. १७४९ मध्ये कोबम मरण पावला. सप्तवार्षिक युद्ध संपल्यावर अर्ल टेंपलने त्याला नवे नाव दिले, ‘एकोपा आणि विजय यांचे मंदिर’. दर्शनी त्रिकोणात एक शिल्पपट आहे. जगाचे चार खंड आपापली संपत्ती ब्रिटानियाच्या चरणी आणून वाहत आहेत, असा त्याचा विषय. आतील भिंतींवर गोल पदके आहेत, आणि त्यांवर युद्धातील विजय कोरले आहेत. क्विबेक, माँट्रिअल, मार्टिनिक, गोरे आणि सेनेगाल, हवाना आणि मनिला. त्यांतच एक नाव आहे पाँडिचेरी.

भारतीय प्रवाशाचे पाऊल येथे थबकणे साहजिक आहे. १७६१ च्या जानेवारीत आयर कूटने फ्रेंचांकडून पाँडिचेरी घेतले. १४ जानेवारीला पानिपतावर मराठी सैन्याचा विध्वंस झाला, आणि त्याच आठवड्यात चोळमंडलाच्या किनाऱ्यावर फ्रेंच सत्तेचा कणा मोडला. हिंदुस्थानातील सत्तेचे दोन प्रमुख दावेदार एकाच सप्ताहात खचले. पानिपताच्या वार्तेने पुण्यात हाहाकार उडाला. पाँडिचेरीच्या वार्तेतून बकिंगहॅमशरमधील एका उद्यानात भिंतीवरचे पदक घडले. गॉथिक मंदिराने रोमन नसल्याबद्दल देवांचे आभार मानले, त्याला अद्याप दोन दशकेही धड लोटली नव्हती. आता त्याच हिरवळीवर विजयांची यादी रोमन थाटात मांडली गेली. या दोन मंदिरांमधील अंतर पायी काही मिनिटांचे आहे.

एकोणिसाव्या शतकात या घराण्याला ड्यूकपद मिळाले, आणि त्याचबरोबर उतरती कळाही लागली. दुसऱ्या ड्यूकने १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे मोठ्या इतमामाने स्वागत केले. तीन वर्षांतच तो दिवाळखोर ठरला. त्याचे कर्ज दहा लाख पौंडांहून अधिक होते. १८४८ मध्ये प्रासादातील चित्रे, पुतळे, चांदीची भांडी यांचा लिलाव चाळीस दिवस चालला. त्याचा मुलगा, तिसरा ड्यूक, हा वेगळ्या घडणीचा माणूस. त्याने रेल्वे कंपनीचे अध्यक्षपद सांभाळले, वडिलांची देणी फेडण्यासाठी कष्ट केले, मंत्रिपदे भूषवली आणि १८७५ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर होऊन भारतात आला.

पुढच्याच वर्षी पाऊस चुकला. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे यांवर पसरला. लक्षावधी माणसे मेली. ड्यूकच्या सरकारने आरंभी तीस हजार टन धान्य खरेदी केले. बाजारात असा हस्तक्षेप करणे व्हाइसरॉय लिटनच्या सरकारला रुचले नाही. केंद्राने रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवले. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला हा टेंपल स्टोचा धनी नव्हे. त्याच्या सल्ल्याने दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड इतकी खाली आणली गेली. अर्धपोटी माणसांनी या मजुरीवर दिवसभर माती खणावी, अशी अपेक्षा होती. मद्रासच्या आरोग्याधिकाऱ्यांनी या प्रमाणाला तीव्र विरोध केला, आणि काही महिन्यांनी ते वाढवावे लागले.

या दुष्काळी कामांपैकी एक मद्रास शहरातच होते. कूम आणि अड्यार या दोन नद्यांना जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा कालवा १८७७-७८ मध्ये दुष्काळग्रस्तांच्या हातांनी खणला गेला. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जुन्या जलमार्गाचे तुकडे सांधले गेले, आणि साऱ्या मार्गाला गव्हर्नराच्या नावावरून ‘बकिंगहॅम कालवा’ म्हणू लागले. त्या नावाचा उगम शोधत गेले तर तो स्टोच्या दारापाशी पोहोचतो.

दोन्ही ठिकाणी माणसांनी माती खणली. ग्रीक दरी खणणाऱ्यांना त्याची मजुरी मिळाली. त्यांची नावे मार्गदर्शिकेत नाहीत, पण त्यांच्या श्रमाचे सौंदर्य आजही पाहता येते. मद्रासच्या कालव्यावरील माणसे जीव वाचवण्यासाठी खणत होती. तिसरा ड्यूक क्रूर होता असे म्हणण्यास आधार नाही. धान्यखरेदीचा त्याचा निर्णय उलट दिशाच दाखवतो. प्रश्न व्यक्तीचा नाही. संमतीवाचून कर नको, हा हॅम्पडेनचा पाठ ज्या घराण्याने दगडात कोरला, त्याच घराण्याच्या वंशजाला, कोट्यवधी रयतेची संमती कधी विचारली न गेलेल्या राज्यव्यवस्थेचा प्रांताधिपती होताना त्यात काही विसंगती जाणवली नसावी. आतून पाहणाऱ्याला सीमा दिसत नव्हती.

१८८९ मध्ये तिसरा ड्यूक पुत्राविना वारला. १९२१ मध्ये पुन्हा मोठा लिलाव झाला, आणि उद्यानातील अनेक मूर्ती देशोदेशी गेल्या. बकिंगहॅमहून येणारा तो सरळ मार्ग वास्तुकार क्लफ विल्यम्स-एलिस याने स्वतः विकत घेऊन वाचवला. १९२३ मध्ये प्रासादात शाळा सुरू झाली. शाळेचे प्रार्थनागृह बांधताना विजयमंदिराचे सोळा स्तंभ काढून नेण्यात आले आणि त्यांच्या जागी विटांच्या भिंती आल्या. १९८९ मध्ये उद्यान नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. त्यानंतर १९९० च्या दशकात विजयमंदिराला नवे स्तंभ मिळाले. पडक्या अवस्थेतील न्यू इन एकविसाव्या शतकात दुरुस्त झाले, आणि प्रवासी पुन्हा त्याच सराईतून, अठराव्या शतकातल्याप्रमाणे पायी उद्यानात शिरू लागले. चर्च अजून त्याच जागी, झाडीत आहे.

चेन्नईतील बकिंगहॅम कालव्याची स्थिती निराळी आहे. एके काळी त्यातून मीठ, लाकूड आणि धान्य यांची नावांतून वाहतूक होत असे. शहरातील त्याचा मोठा भाग आता सांडपाण्याने भरलेला आहे, आणि त्याच्या पात्रातच उभ्या केलेल्या खांबांवरून लोहमार्ग धावतो. त्याच्यासाठी कोणी सीली झाला नाही. त्याच्या काठी कोनाडे नाहीत, शिलालेख नाहीत.

स्टोच्या वास्तूंवर कोरलेली मूल्ये खोटी होती, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. लॉक, मिल्टन आणि हॅम्पडेन यांचे विचार त्या उद्यानाच्या मालकांपुरते राहिले नाहीत. अमेरिकेने ते वापरले. पुढे भारतातील ज्या पिढ्यांनी इंग्रजी ग्रंथांतून हे विचार वाचले त्यांनी तेच शब्द राज्यकर्त्यांपुढे ठेवले, आणि प्रतिनिधित्वाची मागणी केली. कोबमने उद्यान लोकांनी वाचावे म्हणून रचले, त्यासाठी सराई बांधली आणि द्वार उघडे ठेवले. वाचकाने कोणता अर्थ काढावा, हे मात्र त्याच्या हाती नव्हते. आज ब्रिटिश थोरांच्या मंदिरापुढे उभा राहणारा प्रवासी सोळा कोनाडे मोजतो. त्याने चर्चपाशीही थांबावे, आणि मग दरी चढून विजयमंदिरातील पदकांवर पाँडिचेरीचे नाव शोधावे. त्याशिवाय या उद्यानाचे वाचन पुरे होत नाही.